पानं आणते, पण टिकतच नाहीत!

मावशी, पानगळीचा सीझन मला इतका आवडतो की विचारू नकोस. फिरायला गेले की पिशवी भरून पानं, शेंगा, काटक्या, पाइनचे कोन असं काय काय घेऊन येते आणि आता घर मस्त सजवायचं असं ठरवते. पण चार दिवसांत पानं वळून कुरकुरीत होतात आणि फरशीवर नुसता चुरा. गेल्या वेळी काचेच्या बरणीत शेंगा आणि ओकची फळं भरून ठेवली तर बुरशी आली, आणि वर एक अळी पण निघाली. घर भाड्याचं आहे, भिंतीला खिळा मारता येत नाही. सध्या हात आखडता घ्यायचाय त्यामुळे विकतची सजावट नको. मागे प्लास्टिकच्या पानांची एक माळ घेतली होती, ती आता बघवत नाही. नवरा म्हणतो बाहेरचा कचरा घरात कशाला आणतेस, आणि मला खरंच वाईट वाटतं गं. दोन वर्षांचा मुलगा आहे आणि एक मांजर आहे. कमी खर्चात आणि टिकेल असं काही जमेल का?
तुझी पानवेडी

अगं पानवेडे,

आधी एक सांगते, तुझ्या नजरेत काहीच खोट नाहीये. बाकीचे ज्याच्यावर पाय देऊन पुढे जातात ते तुला उचलून घरी आणावंसं वाटतं, ही शिकवून येणारी गोष्ट नाही. गडबड होतेय ती एकाच ठिकाणी. माल ओला असतानाच तू सजवायला बसतेस. झाडावरून पडलेलं पान हाताला कोरडं लागलं तरी आत बरंच पाणी असतं, ते पाणी पानाच्या सगळ्या भागांतून सारखं उडत नाही, कडा आधी सुकतात आणि शिरांजवळचा भाग मागे राहतो, म्हणून पान वळतं. आणि त्याच ओल्या शेंगा झाकणाच्या बरणीत कोंडल्या की ते पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही, मग बुरशी येणारच. अळीचं जरा वेगळं आहे, ती तू आणलेल्या फळाच्या आतच होती, ओकच्या फळात तर एका सोंडकिड्याची अळी बऱ्याचदा असते, त्याचं पुढे सांगते.

तर या वर्षी एवढंच कर, आणायचं आणि सजवायचं यांच्यामध्ये दोन-तीन आठवडे वाळवणाचे ठेव. तेवढ्या वेळात घरातल्या डबे-बाटल्या-चिंध्यांचं काम उरकतं, त्यामुळे वाट बघतोय असं वाटत पण नाही.

गोळा करायला जाशील तेव्हा कोरडा दिवस बघ आणि दव उडून गेल्यावर जा. पाऊस पडून गेल्यावर लगेच आणलेली पानं दाबून ठेवली तरी काळी पडतात. नुकतंच पडलेलं, अजून लवचिक असलेलं पान घे, घडी घातली तर मोडायला नको असं. रंगाबद्दल एक गोष्ट माहीत असली की निवड सोपी होते. दिवस लहान आणि रात्री गार व्हायला लागल्या की पानातलं हिरवं द्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, मोडायला लागतं आणि त्याच्या मागे आधीपासूनच दडलेला पिवळा-केशरी दिसायला लागतो. लाल आणि जांभळा मात्र बहुतेक झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानात साठलेल्या साखरेपासून, म्हणून उन्हाचे दिवस आणि गार रात्री असल्या की लाल जास्त खुलतो. आणि शेवटी उरतो तो तपकिरी, तो टॅनिनचा. आता यातली कामाची गोष्ट अशी की लाल आणि पिवळा दोन्ही उन्हात उडतात, तपकिरी जवळपास उडत नाही. त्यामुळे सगळी सजावट लाल पानांवर उभी करू नकोस गं, पाया तपकिरी, मातकट, सायीच्या रंगाचा ठेव, म्हणजे शेंगा, काटक्या, गवताचे तुरे, झाडाच्या सालीचे पडलेले तुकडे, आणि लाल-पिवळं त्यावर मोजकं. असं केलंस की लाल फिकं पडलं तरी चार पानं बदलून काम भागतं, सगळं मोडावं लागत नाही.

जमिनीवर पडलेलंच घे, फांद्या ओरबाडू नकोस, राखीव जंगलात किंवा जिथे उचलायला मनाई आहे तिथे तर काहीच उचलू नकोस. रिकामं दिसलं तरी पक्ष्याचं घरटं जागच्या जागी राहू दे. बियांचे तुरे सगळेच्या सगळे कापू नकोस, थंडीत पक्षी त्यावरच जगतात.

आणि घरात दोन वर्षांचं मूल आहे म्हणून हे नीट ऐक. गुंजेच्या लाल-काळ्या बिया आणि एरंडाच्या ठिपक्यांच्या बिया दिसायला फार सुंदर असतात पण दोन्ही भयंकर विषारी आहेत, कण्हेरीचं तर पान-फूल-फांदी सगळंच विषारी. हे तीन घरात आणायचेच नाहीत, उंचावर ठेवायला पण नाहीत. जे झाड ओळखता येत नाही त्याची बी किंवा फळ सोडून दे, पान पण घेऊ नकोस, काही झाडांच्या चिकाने अंगावर फोड येतात. बिनविषारी असली तरी ओकची फळं, छोट्या बिया, मणी हे त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकायच्या मापाचेच असतात, ते त्याच्या हाताला लागणार नाही असंच ठेव. मांजराला लोंबणारा दोरा दिसला की ते खेळणार आणि गिळणार, गिळलेला दोरा मांजराच्या आतड्यात अडकून ऑपरेशनपर्यंत वेळ येऊ शकते, म्हणून माळा जमिनीपासून वर आणि दोऱ्याची टोकं आखूड.

आता वाळवणं. साध्या पानांना सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जुनाच, रद्दीच्या कागदांत घालून वर वजन. पण त्यात सगळे एक गोष्ट चुकवतात, कागद बदलत नाहीत! पहिल्या दोन-तीन दिवसांत पानातलं पाणी कागदात उतरतं आणि तो दमट कागद तसाच ठेवला की पान त्यातच भिजत राहतं आणि डाग पडतात. पहिले चार-पाच दिवस एक दिवसाआड कागद बदल, पानं एकमेकांवर येऊ देऊ नकोस, आणि मग दहा ते पंधरा दिवस तसंच सोड. पान गार लागत नाही आणि टेबलावर ठेवलं की सपाट राहतं म्हणजे झालं. घाई असेल तर इस्त्री चालते, दोन साध्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये पान, इस्त्री मध्यम, वाफ पूर्ण बंद, घासायची नाही, नुसती दाबायची आणि उचलायची, आणि गार होईपर्यंत वर पुस्तक ठेवायचं नाहीतर परत वळतं. छापील रद्दी इस्त्रीखाली घालू नकोस, शाई उतरते.

नुसतं दाबलेलं पान सपाट राहतं पण मोडतं, आणि तुझ्या घरात मांजर आहे म्हणजे मोडणार. त्यावर दोन उपाय आहेत. एक मेणाचा, घरात मेणबत्त्यांची उरलेली बुडखी असतील ना, ती सगळी एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाक, तो डबा पाण्याच्या पातेल्यात ठेव आणि पाणी मंद आचेवर ठेवून मेण वितळव. मेणाचा डबा थेट आचेवर अजिबात ठेवायचा नाही, मेण फार तापलं तर पेट घेतं, आणि हे काम मुलगा झोपलेला असतानाच कर. वाळलेलं पान देठाला धरून एकदाच झटकन बुडवायचं, जास्तीचं निथळू द्यायचं आणि दोरीवर चिमट्याने लटकवायचं. पातळ थर बसतो, रंग जास्त दिवस राहतो आणि पान जरा वाकतं पण. उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नकोस, नळी तुंबते, डब्यातच थिजू दे, पुढच्या वर्षी तेच कामाला येतं.

दुसरा उपाय ग्लिसरीनचा, आणि माझ्या मते विकत आणावी अशी हीच एक वस्तू. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, पसरट ट्रेमध्ये घालून पानं त्यात बुडवायची, वर एखादी ताटली ठेवायची म्हणजे तरंगत नाहीत, आणि तीन ते सहा दिवस तसंच ठेवायचं, पान जाड असेल तर जास्त. होतं काय की पानातल्या पाण्याची जागा ग्लिसरीन घेतं, आणि ग्लिसरीन पाण्यासारखं उडून जात नाही, त्यामुळे पान चामड्यासारखं मऊ राहतं, वर्षानुवर्षं. पुसून कोरडं केलं की झालं. रंग थोडा गडद होतो, हिरवं पान तपकिरी किंवा ऑलिव्ह होतं, पण मी वर सांगितलं तसं तपकिरीच आपल्या कामाची. पूर्ण फांदी अशी करायची असेल तर ती पानगळ सुरू व्हायच्या आधी, पानं हिरवी असताना घ्यावी लागते, छाटणीतली मिळाली तर उत्तम. देठाचं टोक हातोडीने ठेचायचं आणि त्याच मिश्रणात आठ-दहा सेंटिमीटर उभं बुडवून दोन-तीन आठवडे ठेवायचं, फांदी ते पिऊन वर चढवते. रंग बदललेली पानं असलेली फांदी मात्र पीत नाही, देठाशी असलेली वाट तोपर्यंत बंद झालेली असते. पानांवर बारीक तेलकट थेंब यायला लागले म्हणजे पोट भरलं, बाहेर काढ.

कोन आणि शेंगा वेगळ्या. त्या आधी झटकून, ब्रशने माती काढून, ओव्हन असेल तर ट्रेवर फॉइल घालून साधारण 90 ते 95 डिग्रीवर अर्धा ते पाऊण तास ठेवायच्या, ओकच्या फळांना तास-दीड तास. यात अळ्या-किडे मरतात, पाइनचा चिकट राळ वितळून बसतो आणि कोन छान उमलतात. ओव्हन लावून दुसऱ्या खोलीत जायचं नाही, राळ जळाऊ असतो. ओव्हन नसेल तर हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेव, मग बाहेर काढून उन्हात पसर आणि रोज उलटसुलट कर. शेंग हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळ वाजायला लागल्या की वाळली समज. आणि यानंतरही झाकणाची बरणी नको! तोंड उघडं असलेली घे, किंवा झाकणाऐवजी वर विरळ कापड बांध.

कोनांची एक गंमत आहे ती मुलाला दाखव, त्याला फार आवडेल. कोनाच्या प्रत्येक खवल्यात दोन थर असतात आणि ओलं झालं की त्यातला एक जास्त फुगतो, म्हणून कोन भिजला की मिटतो आणि वाळला की उघडतो, झाडावरून पडून कितीही दिवस झाले तरी. म्हणजे दमट हवेत तुझे कोन मिटले तर ते खराब झाले असं समजू नकोस, कोरड्या जागी ठेव, उघडतील. आणि याच गोष्टीचा उपयोग करून भिजवून मिटलेला कोन बाटलीच्या अरुंद तोंडातून आत सरकवायचा आणि बाटली उघडी ठेवून उन्हाच्या जागी ठेवायची, थोड्या दिवसांत तो आत उमलतो आणि बघणारा विचारात पडतो की हा आत गेला कसा.

गवताचे तुरे पूर्ण पिकायच्या आधी काप, तुरा नुकता बाहेर आलेला असताना. पिकल्यावर कापलेला तुरा घरभर उडतो, आणि तुझ्या नवऱ्याच्या तक्रारीला अजून एक कारण. छोट्या जुड्या करून रबर बँडने बांध (दोऱ्याने नको, देठ वाळून बारीक होतात आणि जुडीतून निसटतात, रबर आवळत जातं), अंधाऱ्या आणि हवा खेळती असलेल्या जागी दोन-तीन आठवडे उलटं टांग. अंधार यासाठी की रंग राहतो.

वेळ आणि हौस असेल तर जाळीची पानं नक्की कर. पिंपळ किंवा मॅग्नोलियासारखी ठसठशीत शिरांची पानं स्टीलच्या पातेल्यात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद आचेवर तासभर ते दोन तास उकळायची, मग गार पाण्यात घेऊन जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने गर काढायचा, फक्त जाळी उरते. अॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नकोस, सोडा ते खातो, आणि हातात रबरी मोजे हवेतच. काही पानं फाटतील, मोजून चार हवी असतील तर दहा उकळ. उकळायचं नसेल तर पाण्यात काही आठवडे भिजत ठेवूनही होतं, पाणी अधूनमधून बदलत राहायचं, पण वास येतो, ते बाल्कनीतच.

हे सगळं वाळत असताना घरातलं सामान काढ. काचेच्या बरण्यांची लेबलं गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून तासभर बुडवली की सुटतात, उरलेला गम खाण्याच्या तेलाने चोळून काढायचा आणि मग साबण. पत्र्याचे डबे असतील तर त्यात पाणी भर (काठोकाठ नको, बर्फ होताना पाणी फुगतं), फ्रीझरमध्ये गोठव, आणि मग खिळा-हातोडीने भोकांची नक्षी पाड, आतल्या बर्फामुळे डबा चेपत नाही. आत छोटे बॅटरीचे एलईडी दिवे टाकले की भिंतीवर ठिपक्यांची नक्षी पडते. कडा कापरी असते ती घासून घे किंवा वरून कापडाची पट्टी चिकटव.

जुनी सुती चादर फाडून पट्ट्या कर आणि कांद्याच्या सालींनी रंगव, हे मला मनापासून आवडतं कारण साली नाहीतरी फेकल्याच जातात. जेवढ्या वजनाचं कापड साधारण तेवढ्याच साली, महिनाभर पिशवीत साठवत जा. कापड आधी तुरटीच्या कोमट पाण्यात काही तास भिजवलं की रंग पक्का बसतो, मग साली तासभर उकळून, गाळून, त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर. सोनेरीपासून गंजक्या केशरीपर्यंत काय येईल ते पाण्यावर आणि सालींवर, आणि नेमकं तेच पानगळीचे रंग. दाट चहाच्या पाण्यात उकळलेलं कापड बदामी होतं, आणि त्या चहात चार गंजलेले खिळे टाकले तर राखाडी-काळपट, कारण चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो, जुन्या काळी लिहायची शाई याच क्रियेने करायचे. एवढ्या तीन रंगांच्या पट्ट्या असल्या की सगळं एकमेकांशी आपोआप जुळतं, विकतची रिबन लागत नाही.

न वापरातल्या स्वेटरच्या बाह्या कापून, आत चिंध्या कोंबून, वरून-खालून आवळून आणि दोऱ्याने फाका पाडून कापडी भोपळे होतात, देठाला एक काटकी. ते पडले तरी फुटत नाहीत, मुलाने चावले तरी काही नाही (काटकी मात्र पक्की शिव), त्यामुळे खालच्या पातळीवर तेच ठेव. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या वाट्या कापून, कडा फाकवून, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवल्या की वाळक्या फुलांसारख्या दिसतात, झटपट होणारं काम आहे.

दारावरच्या रिंगेसाठी तारेचा हँगर गोल वाकव किंवा जाड पुठ्ठ्याची रिंग काप आणि त्यावर रंगवलेली पट्टी गुंडाळ. मग पानं-तुरे-काटक्यांच्या बोटभर लांबीच्या जुड्या करून एकाच दिशेने, आधीच्या जुडीचा देठ पुढच्या जुडीने झाकत, बांधत जा. बांधत जा म्हणतेय, चिकटवत नाही. ग्लू गनचा गम उन्हाच्या खिडकीशी किंवा दिव्याजवळ मऊ पडतो आणि गळतो, आणि एकदा चिकटवलेलं परत सुटं करता येत नाही. बांधलेलं असलं की तुटलेली जुडी काढून नवी घालता येते, आणि शेवटी दोरा कापून सगळं खतात टाकता येतं. चकाकी आणि स्प्रेपेंट मी सांगत नाहीये ते पण याचसाठी, एकदा मारलं की ते खतात जात नाही, आणि तुझ्या घरात हे सगळं तोंडात घालणारे दोघं आहेत.

खिळ्याशिवाय लावायचं तर दाराच्या वरच्या कडेवरून एक रुंद पट्टी मागे नेऊन मागच्या हँडलला बांध, रिंग पुढे लटकते. आणि एक मोठी, बोडकी, छान वळणाची फांदी शोध, ती जड बाटलीत किंवा डब्यात खाली खडे भरून उभी कर आणि त्यावर मेणाची पानं आणि जाळीची पानं आखूड दोऱ्यांनी लाव. एवढ्या एका फांदीने कोपरा भरतो. ती कपाटावर किंवा उंच शेल्फवर ठेव, मांजर चढणारं असेल तर बाटलीचा गळा शेल्फच्या उभ्या पट्टीला बांधून टाक.

खिडकीत उजेड आरपार येतो तेव्हा लाल पान सगळ्यात सुंदर दिसतं, पण तिथेच ते सगळ्यात लवकर उडतं. म्हणून खिडकीत साधी, नुसती दाबलेली पानं लाव जी दर आठवड्याला बदलशील, आणि मेहनतीची पानं उन्हापासून लांब.

घरभर नको करूस. एकच जागा निवड, दारातून आत आल्यावर पहिली नजर जिथे जाते ती, आणि सगळं तिथेच एकत्र कर, उंच मागे, बुटकं पुढे, आणि मध्ये थोडी रिकामी जागा सोड. तीच वस्तू पाच ठिकाणी एकेक ठेवली की पसारा वाटतो आणि एका ठिकाणी पाच ठेवल्या की सजावट. मला वाटतं नवऱ्याच्या बोलण्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. तो तुझ्या आवडीला कचरा म्हणत नसेल गं, त्याला दिसतंय ते आहे आठवडाभर सोफ्याशी पडलेली पिशवी, फरशीवरचा चुरा आणि बरणीतली अळी. वाळवणाला एक जागा ठरवून टाक, एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आणि बाल्कनीतली एक दोरी, त्याच्या बाहेर काही पसरायचं नाही. आणि त्याला स्पष्ट सांग की हा शब्द मला लागतो. तुला वाईट वाटतं हे तू मला कळवलंस, त्याला सांगितलंस का? डब्यांना भोकं पाडणं, तार वाकवणं ही कामं त्याच्याकडे दे, सक्ती म्हणून नाही, दोघांनी मिळून केलेली वस्तू घरात दिसली की तिच्याबद्दल बोलायची पद्धत बदलते.

खरी मेणबत्ती या सगळ्याच्या जवळपास पण नको. वाळलेलं पान, गवत, मेण लावलेलं तर जास्तच, एका ठिणगीत पेटतं. बरणीच्या आत ठेवून आजूबाजूला पानं लावलेली मेणबत्ती फोटोत छान दिसते पण करायची नाही, एलईडीच. गवत गळू नये म्हणून काही जण हेअरस्प्रे मारतात, तो पण पेट घेणारा असतो, तू वेळेवर कापलंस तर त्याची गरजच पडणार नाही.

सीझन संपला की नुसती दाबलेली पानं आणि तुरे खतात टाक. ग्लिसरीनची पानं, कोन, शेंगा, कापड एका खोक्यात भर, मध्ये कागद घाल, आणि बुटांच्या किंवा बॅगांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवल्यास त्यातल्या दोन-चार आत टाक, ओल धरत नाही. त्या पुड्या मुलाच्या हाती लागू देऊ नकोस.

राहिली ती प्लास्टिकची माळ. टाकून देऊ नकोस, टाकलीस तरी ती कुठेतरी पडूनच राहणार आहे आणि पैसे तर गेलेलेच आहेत. तिची पानं सुटी कर, जी फारच भडक आहेत ती रंगवलेल्या कापडाच्या पट्ट्यांखाली झाकली जातील अशी रिंगेच्या मागच्या बाजूला बांध, तिथे ती भर देतात आणि दिसत नाहीत, आणि माळेची तार काढून घे, जुड्या बांधायला अगदी बरोबर जाडीची असते.

तुझी मावशी